तीन रात्रींचं पाप

१० ऑक्टोबर २००९. पाडवा तोंडावर आला म्हणून आज गोदाम धुवायला काढलं. पाडव्याला नव्या गुळाचा सौदा निघतो, त्याआधी गेल्या हंगामाचा चिकटा निघायला पाहिजे. तो नुसत्या झाडूनं निघत नाही. गरम पाणी ओतायचं, खराट्यानं घासायचं, परत ओतायचं. मुंग्या तरीही राहतात. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. शिवा हा आमचा हमाल. तो पोटमाळ्यावर चढून जुन्या ताडपत्र्या खाली टाकत होता. त्यांच्याबरोबर एक कापडाची गुंडाळी आली आणि पायऱ्यांवरून उलगडत माझ्या पायापर्यंत पोचली. शिवानं वरूनच वाचलं.

“अक्का, ह्ये पाप कुणाचं हो?”

“आमच्या सुकुमारचं,” मी म्हटलं. “खाली उतर आधी.”

मांजरपाटाचं कापड, दोन्ही टोकांना बांबू घालायच्या शिवणी, आणि निळ्या ऑइलपेंटची हातभर अक्षरं: कोल्हापूर पावर पाप महोत्सव, तीन रात्री. त्यातल्या ‘पाप’च्या पहिल्या अक्षरावर लाल रंगात एक वाकडा अर्धचंद्र, मागाहून चढवलेला. कापड अजून मजबूत आहे. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, ते पुढं कितीतरी वर्षं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, झाकायला वापरलं, त्यामुळं त्याला गुळाचा वास लागलाय तो आता जन्मात जायचा नाही. मी कापड बाजूला ठेवलं आणि पाणी ओतायला लागले. पण मग हातात बादली घेऊन नुसतीच दारात जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत दारात गेले.

हंगाम जवळ आला की माझं असं होतं. बसवत नाही. गुऱ्हाळं पेटायच्या आधीच मला त्यांचा धूर नाकात आल्यासारखा वाटतो. रात्री कूस बदलते, उठून पाणी पिते, नको असताना कपाट आवरते. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. त्यांना काय माहीत, हे मला सत्ताविसाव्या वर्षापासून आहे. नेमकं सांगायचं तर त्या तीन रात्रींपासून.

शहाण्णव सालची गोष्ट. कोजागिरी झाली होती, दिवाळी यायची होती. माझा धाकटा भाऊ सुकुमार तेव्हा बावीसचा. गिटार घेऊन हिंडायचा. त्याच्या बँडमध्ये आणखी तिघं. ड्रम वाजवणारा कळंब्याचा होता, त्याच्या काकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम चालायची. कळंब्याला जेल आहे. आप्पा म्हणायचे, “आतल्यांना कोर्टानं शिक्षा दिलीच हाय, वर तुमी कशाला देतायसा?”

घराघरांत केबल आलं होतं आणि पेठेतल्या तालमीतली पोरंसुद्धा व्यायाम आटोपून इंग्रजी गाणी बघत बसायची. त्यांतूनच कुणीतरी टूम काढली, की दरवर्षी गणपतीत तोच तो ऑर्केस्ट्रा किती दिवस ऐकायचा, गावात इतकी गिटारवाली पोरं आहेत तर त्यांचाच एक महोत्सव करू. ‘पॉवर पॉप’ हा शब्द सुकुमारनं दिला. त्यानं तो कुठल्याशा कॅसेटच्या कव्हरवर वाचला होता. संध्याकाळच्या जेवणाला आप्पांनी विचारलं, “म्हंजे काय असतंय त्ये?”

“जोरात वाजवायचं आप्पा. पण चाल गोड पायजे. लगेच तोंडात बसणारी.”

“कडक आनि गोड,” आप्पा म्हणाले. “म्हंजे गूळच की.”

आमची गुळाची अडत. आजोबांनी सुरू केलेली, आप्पांनी वाढवलेली, आणि पुढं सुकुमारनं गादीवर बसायचं हे इतकं ठरलेलं की कुणी बोलूनसुद्धा दाखवत नव्हतं. त्याला गुळाचा कंटाळा होता. हातात रवा घेतला की तो आधी हात कुठं पुसायचा ते बघायचा. मला मात्र लहानपणापासून गूळ कळायचा. सुट्टीत आप्पांच्या मागं मार्केट यार्डात जायचे. कुठला गूळ कोवळ्या उसाचा, कुठला खारट जमिनीतला, कुणी रंगासाठी काय घातलंय, हे जिभेवर ठेवलं की मला समजायचं. बी.कॉम. झाल्यावर मी आप्पांना म्हटलं होतं की मी येतो की दुकानात. आप्पा रागावले नाहीत. त्यांना ते ऐकूच आलं नाही, अशा चेहऱ्यानं ते “पतसंस्थेत जागा हाय म्हनं” म्हणाले. मी पतसंस्थेत चिकटले. दिवसभर शिक्के मारायचे. एकदा पुण्याहून तपासणीला आलेले साहेब माझं बोलणं ऐकून हसले. “तुमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात?” मी म्हटलं, “होय. येणं-जाणं सारखंच असतंय की.” ते आणखी हसले. मी शिक्का जरा जोरात मारला.

तर तो फलक. महोत्सवाच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडालाच लागला. रंगाऱ्यानं दोन्ही अर्धचंद्र गाळले होते. पावरचं कुणाला काही वाटलं नाही, पण पॉपचं पाप झालं ते अख्ख्या पेठेनं वाचलं. आमची आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमच्याकडंच असायची. ती बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन देवळातून, दर्शन घेऊन येत होती. चष्मा सावरून तिनं एकेक अक्षर लावलं. घरात येऊन पाटावर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, “पाप करत्यात ती करत्यात, वर बोर्ड लावत्यात. आनि तीन रात्री? एक पुरत न्हाय व्हय गं?”

सुकुमार गडाबडा लोळला. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी ताट सरकवलं आणि त्याच्याकडं बघून म्हणाले, “पुण्याला जायाचं म्हंतोस न्हवं? ह्या गिटारीपायी?”

सुकुमारचं हसू थांबलं. त्यानं हे फक्त मला सांगितलं होतं. पुण्यात एक स्टुडिओ त्याला घेणार होता. आप्पांना कुणी सांगितलं कोण जाणे, यार्डात सगळं कळतं.

“मग ऐक. तिसऱ्या दिवशी तुमचा नंबर हाय. मी येतो ऐकायला. लोकांनी तुझं गानं परत मागितलं, तर तू जा. न्हाय मागितलं, तर पाडव्याला गादीवर. आनि तुझं गानं, सिनेमातलं न्हवं.”

“चालंल,” सुकुमार म्हणाला.

मी ताटं गोळा करत होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण माझ्या मनात एक हिशेब चटकन मांडून झाला होता: तो गेला, तर गादी रिकामी. तो राहिला, तर ती माझ्यासाठी कायमची बंद. लोकांनी ते गाणं परत मागावं असं सुकुमारला जेवढं वाटत होतं, त्याहून जास्त मला वाटत होतं. त्या क्षणापासून मला बसवेना.

महोत्सवाचं सगळं आता एकत्र आठवतं, रात्री वेगळ्या काढता येत नाहीत. मैदानावर टाकलेल्या सतरंज्या, त्यांच्यातून टोचणारे खडे. स्पीकरचे मोठाले खोके आणि त्यांच्यासमोर मुद्दाम छाती लावून बसलेले तालमीतले पैलवान. भडंगाचा आणि तळणीतल्या भज्यांचा वास. आम्ही सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं, अंधार पडल्यावर तोंडात काही घालायचं नाही, त्यामुळं तो वास तसाच पोटात घेऊन बसायचं. सुकुमार म्हणाला, “बोर्डावर पाप लिवलंयच, खा एक भजं.” मी खाल्लं नाही, पण दर थोड्या वेळानं उठून त्या गाड्यापाशी जाऊन परत यायचे.

एका बँडचा अर्धा वेळ तारा जुळवण्यातच गेला. एका गायकानं अंधारात काळा चष्मा लावला होता आणि तो स्टेजच्या कडेवरून वाजतगाजत खाली पडला. तालमीचे वस्ताद उद्घाटनाला बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, “माज्या पोरांनो, जे काय कराल ते ताकदीनं करा. पाप बी करायचं तर ताकदीनं!” त्यांनी फलकच वाचला होता, त्यांचा काय दोष. पब्लिकनं टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. तिथून पुढं कोल्हापूरनं तो शब्द सोडला नाही. गाणं आवडलं की ‘वन्स मोअर’ कुणी म्हणेना. मागून आरोळी यायची, “आनी एक पाप हूं दे!” गाणं पडलं की, “पापाचा घडा भरला रं!” दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं शिडी लावून लाल चंद्र चढवला. उपयोग झाला नाही. बायका भाजी घेतानासुद्धा एकमेकींना विचारत होत्या, “पापाला येनार न्हवं आज?”

गाण्यातलं मला काही कळत नाही. आजही नाही. पण त्या खोक्यांतून गिटार निघाली की ती कानाआधी नडगीत शिरायची. बसल्या जागी पाय हलायला लागायचा. मी हातानं गुडघा दाबून धरायची, तर दुसरा हलायचा. आजूबाजूला ओळखीची माणसं, मी बिनलग्नाची सत्ताविशीची बाई, पतसंस्थेत काम करणारी. आणि मी ओरडत होते. प्रत्येक बँडला ओरडत होते. लोकांना परत मागायची सवय लागली पाहिजे, हा माझा विचार. गुऱ्हाळात काहिल, ती भली मोठी कढई, आधी तापवून ठेवावी लागते, रस मागून येतो. पहिल्या रात्रीच माझा घसा बसला. दुसऱ्या रात्री आवाज घोगरा झाला. तिसऱ्या दिवशी आत्ती स्वयंपाकघरातनं मला “सुकू, अक्काला हाक मार” म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी आप्पा आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, यार्डात जाताना असतात तसेच. सतरंजीवर बसले नाहीत. खुर्ची मागवून कडेला बसले आणि हाताची घडी घातली. सौद्याच्या वेळी ते असेच बसायचे, चेहऱ्यावरून माल घेणार की नाही हे कुणाला कळू नये म्हणून. मी त्यांच्यापासून लांब, बायकांत.

सुकुमारच्या बँडनं आधी दोन हिंदी गाणी वाजवली. ती बरी झाली. मग तो माईकपाशी आला आणि म्हणाला, “आता आमचं सोताचं.” ते गाणं त्यानं एस.टी. स्टँडवर बसून केलं होतं. त्याला फलाटावरच्या घोषणा फार आवडायच्या.

गाडी लागली का, गाडी लागली का,
गडहिंग्लजची गाडी लागली का?

एवढंच धृपद, पण चाल उसळती, आणि ड्रमवाल्यानं असा काही दणका लावला की सतरंज्या हादरल्या. लोक आधी हसले. गाण्यात गडहिंग्लज असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. मागून एकजण ओरडला, “लागली असंल तर लिंबू चोखा की पावणं!” मैदान फुटलं. गाडी लागणं म्हणजे मळमळणं, हे सुकुमारच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो पांढरा पडला होता, पण थांबला नाही. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा बायका गुणगुणत होत्या. तिसऱ्यांदा पैलवानांनी मांड्यांवर ताल धरला. आणि मग गाणं संपलं. असं संपलं की जणू कुणी दोरी कापली.

हीच त्यांची चूक. असल्या गाण्यात म्हणे तसंच संपवायचं असतं. पण आमच्या लोकांना गाणं संपत आलंय हे आधी सांगावं लागतं, दोनदा-तीनदा ओळ फिरवून समेवर आणावं लागतं. संपलं हे कुणाला कळलंच नाही. सगळे पुढची ओळ यायची वाट बघत बसले. टाळी नाही, शिट्टी नाही. सुकुमारनं वाट बघितली, मग खांद्यावरून गिटार उतरवायला लागला. आप्पांनी घडी सोडून हात गुडघ्यांवर ठेवले, उठायच्या बेतात.

मी ओरडले. घशातून फक्त हवा आली.

आवाज दुसरीकडूनच आला. लिंबूवालाच होता. “ओ! मधीच का सोडलासा? गाडी कुटं लागली अजून? आनी एक पाप हूं दे!” मग त्याच्या शेजारचा, मग पैलवान, मग सगळं मैदान, “पाप! पाप! पाप!” सुकुमारनं गिटार परत खांद्यावर घेतली. तेवढ्यात निवेदक धावत आला. वेळ संपली होती, दहाच्या पुढं पोलीस परवानगी नव्हती. त्यानं माईकच बंद केला. लोक ओरडत राहिले, मग उठले, चपला शोधायला लागले. धृपद गुणगुणतच गेले.

आम्ही चालत घरी निघालो. गल्लीतली लाईट गेली होती. आप्पा पुढं, त्यांच्या मागं आम्ही दोघं. सुकुमारनं गिटार पाठीला लावली होती आणि खांद्यावर तो फलक टाकला होता, सोडवून आणलेला. मी त्याच्या एका बाजूनं चालायची, मग दुसऱ्या.

शेवटी सुकुमारच म्हणाला, “आप्पा, मागितलं लोकांनी. पन वाजवलं न्हाय परत.”

आप्पा चालता चालता बोलले. “लिलावात एकदा बोली बोलली, की सौदा झाला. माल कवा उचलायचा, त्ये मागनं. बोली झाली, मी ऐकली. जा तू.” मग थोडं थांबून, अंधारालाच म्हटल्यासारखं, “पाडव्याला गादीवर कोन बसनार, त्येवडं बघाय पायजे.”

“मी बसतो की.”

आप्पा थबकले. मागं न बघताच म्हणाले, “आता कशाला बसतो म्हंतोस? जायाचं ठरलं न्हवं? भेलास व्हय?”

“मी न्हाय बोललो,” सुकुमार म्हणाला.

आप्पा वळले, पण अंधारात आमच्यातलं कोण कुठलं हे त्यांना दिसत नव्हतं. मी माझ्या घोगऱ्या आवाजात परत म्हटलं, “मी बोललो. मी बसतो. बोली झाली आप्पा.”

सुकुमार खुदकन हसला. मला वाटलं आता आप्पा पतसंस्थेचं नाव काढतील. पण ते फक्त “हं” म्हणाले आणि चालायला लागले. त्या ‘हं’चा अर्थ मी रात्रभर लावत बसले. यार्डात ते नाकारलेल्या मालालाही ‘हं’ म्हणायचे आणि पसंत पडलेल्यालाही.

सुकुमार पुण्याला गेला. आता तो जाहिरातींच्या गाण्यांत गिटार वाजवतो, बरं चाललंय. गडहिंग्लजची गाडी पुन्हा कधी कुठं वाजली नाही, त्याचं त्याला दुःख असेल, मी विचारत नाही. मी लग्न केलं ते अडत सोडणार नाही असं आधी सांगून. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली. आज दुपारी मी सुकुमारला फोन लावला, “फलक सापडलाय. टाकू का?” तो म्हणाला, “टाक की, कशाला पायजे.” मग जरा वेळानं, “नको. रवे झाकायला वापर.”

“पाप झाकाय?”

“झाक,” तो म्हणाला. “निदान तो चंद्र तरी वर ठेव.”

फोन ठेवला तेव्हा माझा पाय हलत होता. शिवा बघत होता. मी त्याला पाणी आणायला पिटाळलं.

आणि त्या तिसऱ्या रात्रीनंतरची सकाळ. मी सगळ्यांच्या आधी उठले होते. अंघोळ करून, साडीचा पदर खोचून, आप्पांच्या स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. पतसंस्थेचा डबा मुद्दाम घरात ठेवला. आप्पा टोपी घालत बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, स्कूटर स्टँडवरून काढली. चालू केली. मी उभीच. त्यांनी मागची सीट हातानं पुसली.

यार्डात हंगामाआधीचा थोडा माल येऊन पडला होता. सगळे व्यापारी माझ्याकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. मी गादीच्या कोपऱ्यावर बसले. आप्पा हळूच म्हणाले, “पाय हलवू नगंस. गिऱ्हाईक बिचकतंय.” मी पाय थांबवला. समोरचा एक रवा ओढला आणि बोटाच्या सांध्यानं ठोकून बघितला, कडक रवा खणखणतो आणि ओला रवा गप्प राहतो. हा खणखणला. परत ठोकला, परत खणखणला, रात्रीच्या गाण्याच्या तालात.

“काय ऐकतीस?” आप्पांनी विचारलं.

“माल,” मी म्हटलं, आणि दुसरा रवा पुढं ओढला.